मिशिगनमधली आगोट

गेल्या शनिवारी सकाळी साडेआठला गराजचं दार वर केलं ते संध्याकाळी अंधार पडल्यावरच खाली घेतलं. अंधार म्हणजे इथे आता साडेपाचलाच पडतो, घड्याळं आदल्या रविवारी एक तास मागे गेली ना. पाठ धरलीये, नखांतलं काळं तेल अजून निघत नाहीये, आणि बायको म्हणते तुझ्या अंगाला पेट्रोल पंपाचा वास येतोय, आज हॉलमध्येच झोप. असो. लॉन मोवरची आवराआवर झाली एकदाची.

आम्ही मिशिगनमध्ये असतो, डेट्रॉइटपासून अर्ध्या-पाऊण तासावर. घरापुढे थोडं आणि मागे बरंच लॉन आहे. घर घेताना त्या हिरवळीचं जाम कौतुक वाटलं होतं, ते पहिल्या जूनमध्येच संपलं. इथे गवत एप्रिलच्या मध्याला जागं होतं, मे-जूनमध्ये आठवड्यातनं दोनदा कापलं तरी पुरत नाही, आणि मग नोव्हेंबरात जमीन गार पडली की जे झोपतं ते थेट पुढच्या एप्रिललाच उठतं. म्हणजे मशीनला पाच महिने सुट्टी, आणि सगळी भानगड त्या सुट्टीतच होते. मशीन चालून फारसं बिघडत नाही हो, उभं राहून बिघडतं. एवढं एक वाक्य शिकायला मला तीन हिवाळे आणि साधारण अडीचशे डॉलर लागले, बेसमेंटचं कार्पेट धरलं नाही तर.

आई सध्या आलीये इकडे. गणपती झाले आणि निघाली चिपळूणहून, थंडी कडक व्हायच्या आत परत जायचंय. त्या शनिवारी सकाळी तिने चहा घेता घेता खिडकीतनं बघितलं तर समोरचा पाइप गुंडाळतोय, कोपऱ्यावरचा मशीन उलटं करून खरवडतोय, पलीकडची बाई कुंड्या आत नेतेय, मी पान्यांचा डबा शोधतोय. म्हणाली, "अरे, ही तुमची आगोटच की!"

देशावरच्या मंडळींसाठी सांगतो, आगोट म्हणजे आमच्या कोकणातली पावसाळ्याआधीची तयारी. मे महिन्यात कौलं चाळायची, पडवीला झापं बांधायची, लाकूडफाटा कोरडा आहे तोवर आत घ्यायचा, आमसुलं, पापड, सुकी मासळी डब्यांत बंद करायची, कारण एकदा मृग लागला की बाहेर वाळवण नाही आणि बाजारहाटही धड नाही. इथे पावसाच्या जागी बर्फ आहे, बाकी सगळं तेच. मला एवढी वर्षं हे सुचलं नव्हतं आणि आईला एका कपात सुचलं.

आता माझी पहिल्या वर्षीची कर्मकहाणी. तेव्हा मोवर सेकंडहँड घेतलेला, ८० डॉलरला, चालायचा मस्त. ऑक्टोबरच्या शेवटी शेवटचं गवत कापलं, मशीन होतं तसं मागच्या शेडमध्ये ढकललं, टाकीत अर्धी टाकी पेट्रोल, पात्याखाली ओल्या गवताचा इंचभर थर, आणि दार लावून घेतलं. पुण्यात स्कूटर पार्किंगला लावून दिवाळीला गावी जायचो ना, त्याच हिशोबाने. एप्रिलमध्ये बाहेर काढला आणि दोरी ओढायला लागलो. वीसदा ओढली, तीसदा ओढली, खांदा निखळायची वेळ आली, मशीन खोकतसुद्धा नाही. शेजारचे आजोबा, गाड्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढून रिटायर झालेले, कुंपणापलीकडनं सगळं बघत होते, शेवटी त्यांना राहवलं नाही. आले, टाकीचं झाकण उघडलं, नाक घातलं, आणि एकच शब्द बोलले, व्हार्निश.

म्हणजे काय, तर पेट्रोल शिळं होतं. खरंच शिळं होतं, भाजीसारखं. महिन्या-दोन महिन्यांत त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळेसारखं काहीतरी तयार होतं, आणि ते कार्बोरेटरमधल्या, म्हणजे इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणाऱ्या भागातल्या, टाचणीएवढ्या भोकांत जाऊन बसतं. गाडीला त्याचा एवढा त्रास होत नाही कारण आपण गाडी रोज चालवतो आणि तिची टाकी बंदिस्त असते, मोवरच्या टाकीला मात्र झाकणातनं हवा लागते. त्यात इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, ठरावीक प्रमाणाबाहेर पाणी साठलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फाटतात आणि तळाला बसतात, दूध नासल्यावर कसं होतं तसंच, आणि इंजिन पितं नेमकं तळाचंच. मग आत गंज, बाहेर शिव्या. कार्बोरेटर दुरुस्तीवाल्याकडे नेला तर त्याने साफ करायचे ९० घेतले, म्हणजे ८० च्या मशीनला ९० ची दुरुस्ती. वर म्हणाला, एप्रिलमध्ये माझ्याकडे येणारी निम्मी मशीनं याच कामाची असतात, तुम्ही लोक आहात म्हणून माझं घर चालतं.

हे मी तेव्हा फोनवर चिपळूणच्या चुलतभावाला सांगितलं तर तो म्हणाला अरे आपल्या ग्रास कटरचं तेच होतं की! त्याच्याकडे आंब्याच्या बागेतलं गवत मारायला खांद्यावरचा ग्रास कटर आहे, पाऊस सरला की महिना-दीड महिना दाबून चालतो आणि मग खुंटीला लागतो तो थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत. दर वर्षी पहिल्या दिवशी गॅरेजवाल्याच्या पाया पडायचं हे त्याचं ठरलेलं. आणि आपल्याकडे तर आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतंय. त्याला म्हटलं, काम संपलं की टाकी रिकामी कर आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत चालव, बास. त्याने केलं. यंदा म्हणे तिसऱ्या झटक्याला चालू झाला.

आता यात दोन पंथ आहेत, आमटीत गूळ घालणारे आणि न घालणारे असतात तसे, आणि दोघंही तितकेच कट्टर. एक म्हणतात टाकी पूर्ण रिकामी करून ठेवा. दुसरे म्हणतात टाकी गळ्यापर्यंत भरा आणि त्यात स्टॅबिलायझर घाला, म्हणजे आत हवेला जागाच राहत नाही, दव धरत नाही, पत्र्याची टाकी असेल तर गंजत नाही. स्टॅबिलायझर म्हणजे छोट्या बाटलीत मिळणारं एक औषध, माझ्याकडे आहे त्याचं प्रमाण अडीच गॅलनला एक औंस, म्हणजे साडेनऊ लिटरला ३० मिली, आपल्या खोकल्याच्या औषधाची दोन झाकणं. पण लोक काय करतात, टाकीत औषध ओततात आणि झाकण लावून मोकळे. अरे, ते औषध टाकीत राहिलं, कार्बोरेटरमध्ये जुनंच पेट्रोल! औषध घातल्यावर इंजिन पाच-दहा मिनिटं चालवायलाच लागतं, म्हणजे ते शेवटच्या भोकापर्यंत पोचतं.

मी दोन्ही करतो, मध्यममार्गी माणूस. शेवटच्या कापणीच्या वेळी टाकीत औषधवालं पेट्रोल घालतो, कापणी झाली की उरलेलं हातपंपाने काढून थेट कारमध्ये ओततो, आणि मग मोवरचा पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन चालू ठेवतो. दोन-तीन मिनिटं चांगलं चालतं, मग भुकभुक करायला लागतं, मग एक आचका देऊन बंद. तरी कार्बोरेटरच्या वाटीत चमचाभर राहतंच, वाटीखालचा छोटा नट सैल करून तेही फडक्यावर घेतो. आजोबा म्हणतात एवढं करायची गरज नाही. पण ९० डॉलर त्यांचे गेले नव्हते.

इथे पंपावर १५ टक्के इथेनॉलवालंसुद्धा मिळतं, अनलेडेड ८८ नावाने, काही सेंट स्वस्त असतं म्हणून हात जातो. ते मोवरमध्ये घालायचं नाही. सल्ला म्हणून सांगत नाहीये, छोट्या इंजिनांत वापरायला इथल्या सरकारचीच मनाई आहे.

तो जुना मोवर मी नंतर देऊन टाकला आणि होंडाचा घेतला. होंडाने २०२३ मध्ये अमेरिकेत पेट्रोलचे लॉन मोवर बनवायचेच बंद केले, माझा त्या शेवटच्या काळातला. कॅलिफोर्नियात तर २०२४ पासून पुढे बनलेले पेट्रोल मोवर विकायलाच बंदी आहे, मिशिगनमध्ये तसं काही नाही पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते दिसतंच. बॅटरीचे मोवर चांगले असतात, घेईन कधीतरी. पण आजोबांनी मशीनवर थाप मारून सांगितलं होतं, हा नीट ठेवलास तर तुझ्या मुलाला पुरेल. मुलाला अजिबात इंटरेस्ट नाही ते सोडा.

यंदा खंडेनवमीला आईने त्याची पूजासुद्धा केली. मी पाटावर आपला पाना, स्क्रूड्रायव्हर आणि लॅपटॉप मांडला होता, ती म्हणाली एवढा मोठा तो आहे बाहेर, त्याला का नाही घेत? मग गराजमध्ये जाऊन हळद-कुंकू, झेंडूचं एक फूल, समोर नारळ. आबा, म्हणजे माझे वडील, असताना नांगर, कोयते, कुदळ, सगळं धुऊन ओळीने मांडायचे पडवीत, तसंच. फरक एवढाच की आमचा हा गडी पूजा झाल्यावरही महिनाभर जुंपलेलाच होता, ऑक्टोबरमधलं गवत कुणाच्या बापाचं ऐकत नाही. कुंकू अजून आहे हँडलवर, धुताना मुद्दाम ठेवलं.

शेवटच्या कापणीचंही शास्त्र आहे. एरवी मी गवत तीन-साडेतीन इंच ठेवतो, शेवटी अडीचवर आणतो, फार लांब राहिलं तर बर्फाखाली आडवं पडून त्याला बुरशी धरते, फार भादरलं तरी मुळं उघडी पडतात. आणि पानं. आमच्या मागे दोन मेपल आणि एक ओक आहे, ओक तर नोव्हेंबर संपेपर्यंत पानं टाकत राहतो, हलकट. पूर्वी मी ती सगळी झाडून तपकिरी कागदी पिशव्यांत भरून रस्त्यावर ठेवायचो, एका सीझनला चाळीसेक पिशव्या. मग कळलं की मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचे गवतवाले प्रोफेसर कित्येक वर्षांपासून सांगतायत की पानं उचलू नका, वरनं मोवर फिरवून त्यांचा भुगा करा, तो गवताच्या मुळाशी जाऊन खत होतो. तेव्हापासून मी भुगाच करतो. आईला मात्र ते पिशव्या ठेवणारे शेजारी बघून सहनच होईना. "पातेरा देऊन टाकतात?" आमच्याकडे पातेरा गोळा करायला पहाटे उठून जायचे, भाजावळीला, म्हणजे भात पेरायच्या आधी जमीन भाजायला, लागायचा. वर कापलेलं गवत बघून म्हणाली, दोन भारे झाले असते. हिशोब बरोबर होता तिचा.

बरं, तेल. इंजिन गरम असतानाच बदलायचं, म्हणजे पातळ होऊन सगळा गाळ घेऊन बाहेर पडतं. सीझनभर वापरलेल्या तेलात ओल आणि आम्लं साठलेली असतात, ते पाच महिने आत ठेवलं तर आतल्या धातूला खातं, म्हणून वसंतात नाही तर आत्ता बदलायचं. माझ्या मशीनला अर्ध्या लिटरपेक्षा कमी लागतं, १०डब्ल्यू-३०. आणि आता ऐका. मोवर आडवा करायचा तर एअर फिल्टर वरच्या बाजूला येईल असाच आडवा करायचा. मी दुसऱ्या वर्षी उलटीकडे केला. मला वाटलं काय फरक पडतो, तेल निघाल्याशी मतलब. तेल निघालं की, पण फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरमध्ये. नवीन तेल घालून चालू केला तर पांढऱ्या धुराचा असा लोट उठला की समोरच्या बाईने फोन करून विचारलं, सगळं ठीक आहे ना. गणपती विसर्जनाला फटाक्यांचा धूर होतो त्याच्या दुप्पट. फिल्टर फेकावा लागला. तेव्हापासून फिल्टरच्या बाजूला मी मार्करने मराठीत "वर" असं लिहून ठेवलंय.

काढलेलं तेल गटारात किंवा झाडांत नाही ओतायचं, बरणीत भरून कारचे पार्ट विकणाऱ्या दुकानात नेलं की ते फुकट घेतात.

हे सगळं करायच्या आधी, म्हणजे पात्याखाली हात घालायच्या आधी, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करायची. हे पहिलं लिहायला हवं होतं. पातं हाताने फिरवलं तरी इंजिन फिरतं, आणि आत थेंबभर पेट्रोल राहिलं असेल तर ते एक फटका मारू शकतं, आणि तो एक फटका बोटांना पुरतो. टाकी रिकामी आहे, काय होतंय, असं म्हणणाऱ्यांनी माझ्यासमोर म्हणू नये.

वायर काढलीच आहे तर प्लगही काढून त्या भोकातनं चमचाभर इंजिन ऑइल आत सोडायचं आणि दोरी हळूहळू दोन-तीनदा ओढायची, म्हणजे सिलिंडरला आतनं तेलाचा हात बसतो. आबा कोयता माळ्यावर टाकायच्या आधी खोबरेल चोळायचे, तेच हे. मग प्लग परत लावून दोरी पुन्हा हळू ओढायची आणि जिथे जड लागेल तिथे थांबायचं. तिथे दोन्ही व्हॉल्व बंद असतात, ओलसर हवा आत जात नाही. हे मला आजोबांनी दाखवलं आणि नंतर मॅन्युअलमध्ये बघितलं तर तिथेही होतं. मॅन्युअल आधी वाचायचं असतं हे बायको लग्न झाल्यापासून सांगतेय.

आता पातं. माझं सगळ्यात आवडतं काम, दीड तास त्यातच जातो. पातं आणि पत्रा यांच्या मधे लाकडाचा ठोकळा अडकवायचा म्हणजे फिरत नाही, आणि बोल्ट सोडवायचा. सुटला नाही तर पान्याला पाइप लावून लांब करायचा, तरी नाही तर गंज सोडवायचं तेल मारून चहा प्यायला जायचं. काढायच्या आधी खालच्या बाजूला खडूने खूण करा, हात जोडून सांगतो. मी एका वर्षी धार लावून पातं उलटं बसवलं आणि एप्रिलमध्ये अख्खं पुढचं लॉन फिरून आलो, मशीन छान चालतंय, आवाज छान येतोय, आणि गवत तसंच, फक्त भांग पाडल्यासारखं एका बाजूला झोपलेलं. मुलगा पायरीवर बसून व्हिडिओ काढत होता.

धार म्हणजे चाकूसारखी नाही हं, कोयत्यासारखी, जरा बोथटच. वस्तरा केलात तर पहिल्याच खड्याला तुटते. मूळ उतार आहे त्याच उताराने कानस चालवायची, एकाच दिशेने, दोन्ही टोकांना मोजून सारखे हात. मी पन्नास-पन्नास देतो. ग्राइंडरने पाच मिनिटांत होतं पण पातं निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, मग टोकं पांढरी पडून अख्खं लॉन आजारी दिसतं. शेवटी भिंतीत एक खिळा, त्यावर पातं मधल्या भोकात अडकवून बघायचं, एक बाजू खाली झुकली तर तिकडचं अजून थोडं घासायचं. तोल साधला नाही तर चालताना मशीन थरथरतं आणि हळूहळू इंजिनाच्या दांड्यावर येतं ते. आई खुर्ची टाकून बघत बसली होती, म्हणाली बापासारखीच कानस धरतोस. त्यांच्या हाताखाली मी कधी धार लावल्याचं मला आठवत नाही, पावसाळ्यात पडवीत दगडावर पाणी मारून ते कोयते घासत बसायचे आणि मी अभ्यासाचं नाटक करत बघायचो, बस एवढंच. बघून बघून हातात येत असेल.

पत्र्याखालचं वाळलेलं गवत लांबीच्या पट्टीने, म्हणजे रंगवाले वापरतात त्या, खरवडून काढायचं. पाण्याने धुतलंत तर पूर्ण वाळवा, ओलं ठेवलंत तर न धुतलेलं परवडलं. मग सिलिकॉनचा फवारा. एअर फिल्टर कागदाचा असेल तर बदला, स्पंजचा असेल तर साबणाने धुऊन वाळवून तेलाचे चार थेंब. झालं.

माझा ट्रिमर आणि पानं उडवायचा ब्लोअर बॅटरीवर आहेत. ते बघून लोक म्हणतात तुला मजा आहे, काही करायलाच नको. आहे की करायला. लिथियम बॅटरी फुल चार्ज करूनही ठेवायची नाही आणि शून्यावर आणूनही नाही, साधारण निम्मी ठेवायची, घरात, कोरड्या जागी. आणि गोठलेल्या गराजमध्ये चार्जिंगला तर लावायचीच नाही. शून्य अंशाखाली चार्ज केली की आत लिथियमचा थर जमतो आणि बॅटरी कायमची अधू होते. मी माझ्या दोन्ही बॅटऱ्या आता देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवतो, उदबत्त्यांचे पुडे एकीकडे सरकवून. आईला आधी पटलं नाही, मग म्हणाली राहू दे, तीही दिवाबत्तीच.

पेट्रोलच्या कॅनवरनं मात्र तिने मला झापलं आणि बरोबर झापलं. मी कॅन गराजमधनं काढून गिझरच्या खोलीत ठेवायला निघालो होतो, तिथे जरा ऊब असते म्हणून. ती म्हणाली, "जाळ असतो ना रे त्या खोलीत?" असतोच, गॅसचा गिझर आहे आमचा, आत ज्योत पेटते. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि ज्योत मिळाली की संपलं. कॅन आता घरापासून लांब, शेडमध्ये. इंजिनियर झालेल्या मुलाला चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाईने शिकवावं, शिकवलं.

बागेच्या पाइपाचं थोडक्यात सांगतो कारण आठवलं की अजून पोटात दुखतं. इथे बाहेरचे नळ असे असतात की बाहेर फक्त चकती दिसते आणि खरा व्हॉल्व फूटभर आत, भिंतीच्या उबेत. नळ बंद केला की मधलं पाणी आपोआप निथळून जातं, गोठायला काही उरत नाही. पण तुम्ही पाइप लावून ठेवलात तर ते निथळत नाही, तिथेच गोठतं, फुगतं आणि आतली नळी फाडतं. हिवाळाभर कळतसुद्धा नाही. मेमध्ये नळ सोडला आणि बाहेर धार छान येत होती, पाऊण तासाने बायकोने खालनं हाक मारली. कार्पेटचा वास जुलैपर्यंत येत होता. आता लॉनवरचं दुसरं काही करो न करो, ऑक्टोबर संपायच्या आत पाइप काढून, उतारावर ओढून, पाणी काढून गुंडाळतो. स्प्रिंकलर असणाऱ्यांनी कॉम्प्रेसरने नळ्यांतलं पाणी उडवून घ्यायचं असतं, ते काम माणूस बोलावून करून घ्या, हवेचा दाब जास्त झाला तर नळ्या फुटतात आणि जमिनीखालचं काही दिसत नाही.

खत पसरायची गाडी नुसती धुवा, खतातली मीठं पत्रा दोन महिन्यांत खातात. फावड्या-कुदळींची पाती तेलाच्या बोळ्याने पुसली आणि लाकडी दांड्यांना जवसाचं तेल लावलं. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कचऱ्यात टाकू नका, ते सुकताना स्वतःच तापतं आणि खरंच पेट घेऊ शकतं, बाहेर मोकळं पसरून वाळवा. आईला हे खोटं वाटलं. मलाही वाटलं होतं.

आणि उंदीर. थंडी पडली की शेतातले बारके उंदीर घर शोधत येतात आणि मोवरच्या इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण म्हणजे त्यांना तयार फ्लॅट, उबदार, कोरडा, दोन बाजूंनी हवा. मागे एकदा मी झाकण उघडलं तर आत गवताचं, इन्सुलेशनच्या कापसाचं आणि माझ्या मुलीच्या गुलाबी लोकरीच्या मोज्याचं सुबक घरटं होतं, वायर अर्धी कुरतडलेली. तसंच चालू केलं असतं तर गवत पेटलं असतं. म्हणून मशीनवर ताडपत्री घट्ट बांधत नाही, त्यांना आणखी आडोसा मिळतो आणि ओलही कोंडते, जुनी सुती चादर टाकतो, आणि पक्ष्यांचे दाणे गराजमधनं हद्दपार. लोक पेपरमिंट तेल, कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकायचे वासाचे कागद असलं काय काय ठेवतात, माझ्याकडे तरी उंदरांनी त्याला भीक घातली नाही.

असं करत करत साडेचार झाले. मोवर मागच्या भिंतीला, हँडल दुमडून, चादर पांघरून. मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं, एकदम बरं वाटलं, भाताणाची उडवी रचून झाली की आबा कमरेवर हात ठेवून उभे राहायचे तसा उभा राहिलो. आता फक्त स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवायचं मशीन, मागच्या कोपऱ्यातनं पुढे आणायचा. आजोबा तोवर कुंपणापाशी आले होते, त्यांनी सगळं न्याहाळलं, मान डोलावली, आणि स्नोब्लोअरकडे बोट करून विचारलं, मार्चमध्ये याचं पेट्रोल काढलं होतंस ना?

मी झाकण उघडलं. अर्धी टाकी. वास घ्यायला वाकायचीसुद्धा गरज नव्हती.

दोरी ओढून बघितली तेवढ्यात. अकरा वेळा. आईने मोजलं. कार्बोरेटर आता पुढच्या शनिवारी उघडीन म्हणतोय, आणि हवामानवाले म्हणतायत मंगळवारी तीन इंच.